५९.६ टक्क्यांवर अडकलेला कोच: माइक लीच आणि कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेमची अट

पार्श्वभूमी

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या हेड कोचला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं म्हटलं की आधी तीन आकडे बघतात. किमान १० वर्षं हेड कोच म्हणून काम, किमान १०० मॅच, आणि, अलीकडेपर्यंत, त्यातल्या किमान ६० टक्के जिंकलेल्या. शिवाय रिटायर होऊन तीन सीझन गेलेले हवेत, पण वय ७० च्या पुढे असेल तर लगेच चालतं, आणि ७५ पूर्ण झाले असतील तर अजून काम करत असलेला कोचसुद्धा पात्र ठरतो. कॅन्सस स्टेटचा बिल स्नायडर २०१५ मध्ये असाच आत गेला, टीमला कोचिंग करत असतानाच. हे सगळं नॅशनल फुटबॉल फाउंडेशन बघते. संस्था १९४७ ची, पहिली बॅच १९५१ ची, आणि म्युझियम आता अटलांटामध्ये आहे. आकडे पार केले म्हणजे काम झालं असं अजिबात नाही, तिथून फक्त बॅलटवर, म्हणजे मतदानाच्या यादीत, नाव येऊ शकतं, मग १२,००० हून जास्त मेंबर आणि आधीच हॉलमध्ये असलेले लोक मत देतात आणि शेवटचा निर्णय ऑनर्स कोर्ट नावाची समिती घेते.

हे प्रकरण माइक लीचचं. सगळं पब्लिक रेकॉर्डवर आहे त्यामुळे त्याचं नाव झाकण्यात अर्थ नाही. एका घटनेत एक विद्यार्थी खेळाडू येतो, त्याचं नाव मात्र मी घेत नाहीये.

लीच कॉलेजमध्ये फुटबॉल खेळलाच नव्हता, ब्रिगहॅम यंगला असताना तो रग्बी खेळायचा. मग पेपरडाइनमधून वकिलीची डिग्री घेतली आणि वकिली न करता कोचिंगमध्ये घुसला, तेही कुठे, तर छोट्या छोट्या कॉलेजांत, मध्ये एक सीझन फिनलंडमधल्या पोरी नावाच्या गावच्या टीमचा कोच. हॅल ममी या हेड कोचबरोबर आयोवा वेस्लियन, व्हॅल्डोस्टा स्टेट आणि केंटकी अशा तीन ठिकाणी काम करताना या दोघांनी एअर रेड नावाची ऑफेन्सची, म्हणजे हल्ल्याची, पद्धत घडवली. त्यात मोजकेच प्ले (ठरवलेल्या चाली) असतात पण तेच तेच इतक्या वेळा घोटायचे की पोरांना विचार करायची गरज पडू नये, पास झेलणारे रिसीव्हर मैदानभर पसरवायचे, पुढच्या ओळीतल्या लाइनमनमध्ये मोठी अंतरं ठेवायची आणि बॉल फेकत राहायचा. त्या काळात बहुतेक मोठ्या टीम बॉल घेऊन पळण्यावर भर द्यायच्या आणि हा माणूस मॅचमध्ये पन्नास पन्नास पास टाकायचा. मोठी ताकदवान पोरं ज्या कॉलेजकडे यायलाच तयार नाहीत त्या कॉलेजला मोठ्यांशी बरोबरीनं लढता यावं म्हणून काढलेली ही वाट होती, आणि पुढचं सगळं प्रकरण समजून घ्यायला हे लक्षात ठेवणं गरजेचं आहे.

१९९९ मध्ये एक सीझन ओक्लाहोमाचा ऑफेन्स चालवला आणि मग २००० पासून लबकला, टेक्सस टेकचा हेड कोच. दहा सीझन, ८४ विजय, ४३ पराभव, एकही सीझन तोट्यात नाही, दरवर्षी बाउल गेम (सीझनअखेरची मानाची मॅच). १ नोव्हेंबर २००८ ला नंबर एकवर असलेल्या टेक्ससला ३९–३३ हरवलं, शेवटचा एक सेकंद शिल्लक असताना हॅरेलनं क्रॅबट्रीला दिलेला तो टचडाउन पास आजही लोक काढून काढून बघतात. तो सीझन ११–२ (११ विजय, २ पराभव) संपला.

पुढच्याच वर्षी डिसेंबर २००९ मध्ये त्याला काढून टाकलं. डोक्याला मार लागलेल्या एका खेळाडूला चुकीची वागणूक दिली असा आरोप होता, लीचनं तो नाकारला, विद्यापीठावर केस केली आणि ती वर्षानुवर्षं चालली. २०१० आणि २०११ असे दोन सीझन त्याच्याकडे टीमच नव्हती. मग वॉशिंग्टन स्टेट (२०१२ ते २०१९, ५५–४७), मग मिसिसिपी स्टेट (२०२० ते २०२२, १९–१७). १२ डिसेंबर २०२२ ला हृदयविकारानं तो गेला, वय ६१.

अडचण

तिन्ही ठिकाणचं मिळून १५८ विजय आणि १०७ पराभव. २१ सीझन आणि २६५ मॅच, म्हणजे दोन अटी दुप्पट पार. तिसरी मात्र नाही, कारण १५८ भागिले २६५ म्हणजे ५९.६ टक्के.

आता २६५ चे ६० टक्के काढून बघा, बरोबर १५९ येतात. म्हणजे १०७ पैकी कुठलाही एक पराभव उलटा पडला असता तर हा माणूस काट्यावर काटा ६०.० ला आला असता. आणि असे पराभव शोधायला फार लांब जावं लागत नाही. २०१३ चा न्यू मेक्सिको बाउल, शेवटची तीन मिनिटं उरलेली आणि वॉशिंग्टन स्टेट १५ पॉइंटनी पुढे, तिथून कोलोरॅडो स्टेटनं ४८–४५ मारून नेली. २०१९ मध्ये यूसीएलए विरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये ४९–१७ पुढे होते, हरले ६७–६३. २०२१ मध्ये मेम्फिसविरुद्ध ३१–२९ नं हरले, त्या मॅचमधला एक पंट रिटर्न टचडाउन (लाथेनं दूर मारलेला बॉल उचलून परत नेत केलेला) असा होता की ऑफिशियलनं घड्याळ थांबवायची खूण केली होती आणि त्यामुळे प्ले तिथेच मृत व्हायला हवा होता, हे नंतर कॉन्फरन्सनंच (विद्यापीठांच्या गटानंच) पत्रक काढून मान्य केलं. दोन पॉइंटनी हरलेली मॅच. तो टचडाउन नसता तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

पण हिशोब दोन्ही बाजूंनी करायला हवा. २००६ च्या इनसाइट बाउलमध्ये याच लीचची टीम मिनेसोटाविरुद्ध ३८–७ मागे होती आणि ओव्हरटाइममध्ये ४४–४१ जिंकली. तेव्हा नशिबानं घेतलंच असं नाही, दिलंही. माझा आक्षेप वेगळा आहे. इतक्या बारीक फरकावर ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ ठरत असेल तर ती रेघ नक्की काय मोजते?

टक्केवारी कुठे घसरली

मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा वाटतो, आणि यावर फार कमी बोललं जातं. लीचची टक्केवारी त्याच्या प्रत्येक निर्णयाच्या वेळी किती होती ते बघू.

टेक सोडलं तेव्हा ८४–४३, म्हणजे ६६.१ टक्के. १० वर्षं झालेली, १२७ मॅच झालेल्या. तिथेच कोचिंग कायमचं बंद केलं असतं आणि टीव्हीवर कॉमेंट्री करत बसला असता तर कागदावर तो आरामात पात्र होता.

त्याऐवजी त्यानं पुलमन गावची वॉशिंग्टन स्टेट घेतली. तिची अवस्था काय होती, तर आधीच्या चार सीझनमध्ये ९ विजय आणि ४० पराभव. गव्हाच्या टेकड्यांमधलं लहान गाव, मोठ्या शहरांपासून लांब, चांगली पोरं तिथे यायला तयार करणं हेच निम्मं काम. पहिल्या तीन सीझनमध्ये ३–९, ६–७, ३–९, म्हणजे १२–२५. चौथ्या वर्षी ९–४ आणि २०१८ मध्ये ११–२, विद्यापीठाच्या इतिहासातले सर्वात जास्त विजय, आणि त्या वर्षीचा अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचा कोच ऑफ द इयर. ती पहिली तीन वर्षं बाजूला काढली तर उरलेलं करिअर १४६–८२ येतं, ६४ टक्के. पण ती तीन वर्षं म्हणजेच खरं काम होतं ना, घर पाडून पुन्हा बांधताना पहिल्या वर्षी राहायला जागा नसतेच.

वॉशिंग्टन स्टेटमधून बाहेर पडला तेव्हा एकूण १३९–९०. म्हणजे ६०.७ टक्के! अजूनही रेघेच्या वर. वय ५८. जानेवारी २०२० मध्ये त्यानं मिसिसिपी स्टेट घेतलं, एसईसी या कॉन्फरन्सच्या वेस्ट डिव्हिजनमध्ये, जिथे दरवर्षी अलाबामा, एलएसयू, ऑबर्न, टेक्सस ए अँड एम यांच्याशी गाठ. पहिल्याच मॅचमध्ये आदल्या वर्षीच्या चॅम्पियन एलएसयूला त्यांच्या मैदानावर ४४–३४ हरवलं. पण ते कोविडचं वर्ष, एसईसीनं दहाच्या दहा मॅच आपापसात ठेवल्या, एरवी बाहेरच्या चार मॅच मिळतात आणि त्यातल्या दोन-तीन तरी सोप्या असतात, त्या गायब. सीझन ४–७. एकूण टक्केवारी ५९.६. पुढच्या वर्षी ७–६, घसरून ५९.३. २०२२ मध्ये ८–४ करून परत ५९.६ वर आला आणि तिथेच सगळं थांबलं.

म्हणजे नियमाच्या दृष्टीनं २००९ नंतर त्यानं घेतलेला प्रत्येक अवघड जॉब हा तोट्याचा सौदा ठरला. स्नायडरचं उदाहरण देऊन कोणी म्हणेल की कॅन्सस स्टेटसारखी वर्षानुवर्षं हरणारी टीमसुद्धा ६४.७ टक्क्यांवर नेता येते, आणि ते खरंच आहे, स्नायडरचं काम अफाटच आहे. पण तो एकाच ठिकाणी राहिला, पेरलेलं त्यालाच कापता आलं. लीचनं तीन ठिकाणी पेरलं.

समोर असलेले पर्याय

तो गेल्यावर आठवड्याभरातच चर्चा सुरू झाली की याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं तर कसं. ढोबळमानानं चार वाटा होत्या.

पहिली, काहीच करायचं नाही. या बाजूनं बोलायला भरपूर आहे. लीचनं एकदाही कॉन्फरन्सचं विजेतेपद जिंकलं नाही, नॅशनल चॅम्पियनशिप तर लांबच. ६० टक्के ही अट सगळ्यांना सारखी होती, तिच्यामुळे कित्येक चांगले कोच बाहेर राहिले. त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं?

दुसरी, आकडा राउंड करायचा. दोन दशांशापर्यंत ०.५९६ म्हणजे ०.६० होतातच. दहावीला ३४ ला ग्रेस देऊन ३५ करतात तसं. पण नियम तीन दशांशांत लिहिलेला, ०.६०० असा, आणि एकासाठी राउंड केलं की पुढच्याला ०.५९५ वर का नाही असा वाद होणार.

तिसरी, खास बाब म्हणून एकट्याला सूट. भावनेच्या भरात हीच सगळ्यात सोपी वाटते. लोकांनी अजून एक युक्तिवाद केला, की त्याला काढल्यावर टेकनं जिंकलेला अलामो बाउल आणि तो गेल्यावर मिसिसिपी स्टेटनं जिंकलेला बाउल हे त्याच्याच टीमचे विजय आहेत, ते त्याच्या नावावर धरा. मी गणित करून बघितलं, दोन्ही धरले तरी १६०–१०७, ५९.९ टक्के. म्हणजे तेही पुरत नाही.

चौथी, अटच थोडी खाली आणायची, सगळ्यांसाठी.

आणि एक पाचवी वाट होती जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं, ती म्हणजे टक्केवारीच्या पलीकडचं काम मोजायची सोय करणं. लीचच्या हाताखालून कोण कोण गेलं ते बघा. लिंकन रायली टेकमध्ये साधा वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आलेला) क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, होता, लीचनं त्याला कोचिंगमध्ये घेतलं, पुढे रायलीच्या तीन क्वार्टरबॅकना हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी) मिळाली, २०१७, २०१८ आणि २०२२ मध्ये. क्लिफ किंग्जबरी लीचचा क्वार्टरबॅक, आणि त्याच्याकडे टेकमध्ये पुढे प्रो फुटबॉल गाजवणारा पॅट्रिक महोम्स शिकला. जॉश ह्यूपल हा १९९९ च्या ओक्लाहोमामधला लीचचा क्वार्टरबॅक, पुढच्याच वर्षी नॅशनल चॅम्पियन आणि आता टेनेसीचा हेड कोच. डेना होल्गरसन, सनी डाइक्स हे त्याचे असिस्टंट. लीच गेला त्याच सीझनमध्ये डाइक्सची टीसीयू नॅशनल चॅम्पियनशिपच्या फायनलला पोचली. आज शनिवारी कुठलीही कॉलेज मॅच लावा, चार रिसीव्हर पसरलेले आणि क्वार्टरबॅक मागे उभा दिसेल, हायस्कूलच्या टीमसुद्धा तसंच खेळतात. खेळ खेळायची पद्धत बदलणारे कोच एका पिढीत दोन-तीनच होतात, आणि हे विजय-पराभवाच्या रकान्यात कुठेच येत नाही.

काय केलं गेलं

फाउंडेशननं चौथी वाट घेतली. मे २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२७ च्या बॅलटपासून कोचसाठी किमान टक्केवारी ६० ऐवजी ५९.५ असेल. १० वर्षं आणि १०० मॅच या अटी तशाच.

याचा फायदा एकट्या लीचला नाही. एलएसयूला २००७ ची नॅशनल चॅम्पियनशिप मिळवून देणारा लेस माइल्स आधी ६६.५ टक्क्यांवर होता, पण २०२३ मध्ये एलएसयूचे २०१२ ते २०१५ मधले ३७ विजय रद्द झाले आणि त्याचा रेकॉर्ड १०८–७३ वर, म्हणजे ५९.७ वर आला. त्यानं त्यावरून २०२४ मध्ये कोर्टात केसही केली. नव्या रेघेनं तोही आत येतो. ही दोन माणसं एकाच नियमात बसतात, पण एकाचे पराभव मैदानावर झालेत आणि दुसऱ्याचे विजय ऑफिसात पुसले गेलेत, दोन्ही प्रकरणांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि तरी एकाच अर्ध्या टक्क्यानं दोन्ही सुटतात.

निकाल

लीच आता बॅलटसाठी पात्र आहे. त्याच्या बाजूनं इतकी वर्षं बोलणाऱ्यांना हवं होतं ते मिळालं, आणि मला मनापासून आनंद झाला.

तरी आनंदाबरोबर एक आकडा नीट बघायला हवा. लीचची शेवटची मॅच २४ नोव्हेंबर २०२२ ची एग बाउल, म्हणजे ओल मिसशी (मिसिसिपी विद्यापीठाशी) दरवर्षी होणारी मॅच, त्यांच्याच मैदानावर. मिसिसिपी स्टेट २४–२२ जिंकली. शेवटच्या दोन मिनिटांत ओल मिसनं टचडाउन मारला होता आणि बरोबरी करायला टू-पॉइंट कन्व्हर्जन (टचडाउननंतर दोन जादा पॉइंटचा प्रयत्न) घेतलं, ते फसलं. ते जमलं असतं आणि पुढे मॅच हातातून गेली असती तर लीच १५७–१०८, म्हणजे ५९.२ टक्के. मग नव्या नियमातसुद्धा बाहेर. म्हणजे जुन्या रेघेच्या एक मॅच खाली आणि नव्या रेघेच्या एका मॅचपेक्षाही कमी वर. एवढ्याशा जागेत हे सगळं बसवलंय.

वेगळं काय करता आलं असतं

लीचनं वेगळं करायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. २०१९ ला थांबला असता तर आकडा वाचला असता, पण मग मिसिसिपी स्टेटची ती तीन वर्षं नसती, आणि पात्रता टिकवण्यासाठी कोचनी अवघड जॉब टाळावेत असं कुठल्याही खेळाला परवडणारं नाही.

फाउंडेशननं मात्र वेगळं करायला हवं होतं. अट खाली आणली यापेक्षा ती कुठे आणून ठेवली याचा मला प्रश्न पडतो. ५९.५ या आकड्याला स्वतःचं असं काही कारण नाही, तो ५९.६ च्या जरा खाली आहे एवढंच. उद्या ५९.४ वाला कोणी लाडका कोच आला की परत हेच. खेळाडूंच्या बाबतीत फाउंडेशनकडे अशी सोय आहे, ५० वर्षांच्या मुदतीत न बसणाऱ्या खेळाडूंची वेगळी प्रकरणं एक रिव्ह्यू कमिटी तपासते. तीच पद्धत कोचसाठी लावता आली असती. १० वर्षं आणि १०० मॅच कायम ठेवा, ६० टक्क्यांच्या वर असेल तर सरळ बॅलट, आणि खाली असेल तर कमिटीनं लेखी कारण देऊन नाव पुढे करायचं. टीम हातात घेतली तेव्हा कुठे होती आणि सोडली तेव्हा कुठे, हाताखालून किती हेड कोच तयार झाले, खेळात काय नवीन आणलं. आणि वादाची बाजूसुद्धा, म्हणजे २००९ सारखं प्रकरण, तिथेच उघडपणे तपासलं गेलं असतं, कारण फाउंडेशन माणूस म्हणून वागणुकीचा विचार करते असं नियमातच आहे आणि एका विद्यार्थ्याच्या तब्येतीचा तो प्रश्न होता. प्रो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये कोचसाठी टक्केवारीची अटच नाही, तिथे थेट वाद घालून ठरवतात.

अशी कमिटी असती तर आधी हॉवर्ड श्नेलेनबर्गरचं नाव निघालं असतं. त्यानं मायामीला १९८३ ची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकून दिली, लुइव्हिलची पडलेली टीम उभी केली, आणि फ्लोरिडा अटलांटिकमध्ये तर शून्यातून, जिथे टीमच नव्हती तिथे टीम सुरू केली. सहा बाउल गेम, सहाही जिंकलेले. मार्च २०२१ मध्ये तो वारला. त्याचे विजयही बरोबर १५८ आहेत, लीचइतकेच. पराभव १५१ आणि तीन बरोबरीत, म्हणजे ५१ टक्के, कारण त्यानं बहुतेक वेळा पडझड झालेल्या जागाच उचलल्या. ५९.५ च्या नियमानं त्याच्यासाठी काहीच बदललेलं नाही, आणि त्याचं प्रकरण ज्याच्यासमोर मांडता येईल असं टेबल अजूनही कुठे नाही.